बोल्ट पुढे का येत नव्हता : एका विंचेस्टर 1907 ची दुरुस्ती

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात एका शेतकरी कुटुंबाकडे विंचेस्टर कंपनीची मॉडेल 1907 ही रायफल तीन पिढ्या होती. आजोबांच्या पश्चात ती नातीकडे आली. नात स्वतः शिकारी. तिथे हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. ते नऊ दिवस तिच्या घरात सणासारखे असतात. रोजच्या वापराला तिच्याकडे नवी रायफल आहे. या जुन्या रायफलीकडून तिची अपेक्षा एवढीच होती, की हंगामातला एक दिवस तरी ती घेऊन जंगलात बसता यावं. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. पुढे या नातीला मालकीणबाई म्हणतो.

मी इचलकरंजीकडचा, फिटर-टर्नर म्हणून शिकलेला. इथे अमेरिकेत परवाना असलेल्या एका गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या, दुकानात धातूकाम बघतो. दुकानाचे मालक सत्तरी ओलांडलेले असून अशा जुन्या अर्धस्वयंचलित रायफली त्यांनी उभ्या हयातीत खूप उघडल्या आहेत. या प्रकरणातले बरेचसे निर्णय आम्ही दोघांनी वाद घालून घेतले. वाद कुठे झाला तेही खाली लिहिलं आहे, कारण निकालापेक्षा तो भाग इतरांच्या जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

रायफलीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर बिघाड समजणार नाही. विंचेस्टरचे अभियंते टी. सी. जॉन्सन यांनी 1903 पासून अर्धस्वयंचलित रायफलींची एक मालिकाच काढली. 1903 ची छोटी, पॉइंट 22 इंच व्यासाच्या गोळीची, मग 1905, 1907 आणि 1910 ची मॉडेलं. यातली 1907 सर्वांत जास्त टिकली. तिचं उत्पादन 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चाललं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने या रायफली मागवल्या, आणि नंतर अमेरिकेतल्या पोलीस खात्यांनीही त्या वापरल्या. काडतूस मात्र फक्त हिच्यासाठीच बनवलेलं, पॉइंट 351 विंचेस्टर सेल्फ-लोडिंग. 180 ग्रेन वजनाची (साधारण पावणेबारा ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण 1,850 फुटांच्या वेगाने सुटते. घनदाट झाडीत, जवळच्या अंतरावर, हरणासाठी ते पुरेसं आहे.

चालण्याची तऱ्हा अगदी साधी. नळी आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा, पुढे-मागे सरकणारा लोखंडी भाग, यांना एकमेकांत अडकवणारं कुलूप हिच्यात नाहीच. गोळी सुटताना गॅस काडतुसाच्या नळकांड्याला मागे ढकलतो, नळकांडं बोल्टला ढकलतं. बोल्ट मुद्दाम जड केलेला असल्यामुळे तो लगेच हलत नाही, आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडून दाब उतरतो. हे वजन नळीखालच्या लाकडी भागात, म्हणजे फोरएंडमध्ये, लपलेलं असतं. बोल्टचाच पुढे आलेला तो लोखंडी ठोकळा. मागे गेलेल्या बोल्टला स्प्रिंग परत पुढे आणते, आणि येता येता तो मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या पेटीतलं, पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, सारतो. पहिल्यांदा बोल्ट मागे घ्यायचा तर फोरएंडच्या टोकातून डोकावणारा दांडा हाताने आत दाबायचा. हे करताना दस्ता जमिनीला टेकवून नळीवर वाकून दांडा दाबायची सवय काही जणांना असते. भरलेल्या रायफलीवर असं कधीही करू नये. जॉन्सन यांच्याच 1911 च्या शॉटगनमध्ये नळी दाबून बोल्ट मागे घ्यावा लागे, आणि त्या सवयीने माणसांचे जीव गेले आहेत.

कायद्याच्या दृष्टीने एक खुलासा. लोक हिला सरसकट ‘अँटिक’ म्हणतात, पण अमेरिकेच्या संघीय कायद्यात त्यासाठी शस्त्र 1898 किंवा त्याआधीचं लागतं. पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ रूपातलं असल्यामुळे ही रायफल ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात येते. बाकी नियम इतर बंदुकांसारखेच लागू होतात. इथे एच-1 बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हेही लक्षात घ्यावं : शिकारीच्या वैध परवान्यासारखे ठरावीक अपवाद सोडले, तर अशा व्हिसावर बंदूक जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. मित्राने हौसेने हातात दिली म्हणून घरी नेऊ नये.

अडचण

मालकीणबाईंनी रायफल आणली तेव्हा तक्रारी तीन होत्या. गोळी झाडल्यावर मागून जोराचा ठोका लागायचा, ‘लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा’ हे त्यांचे शब्द. पुढचं काडतूस अर्धवट चेंबरमध्ये जाऊन बोल्ट अडायचा. आणि शेवटच्या वेळी एक नळकांडं बुडाशी फाटलं आणि गॅस मॅगझिनच्या वाटेने खाली आला. बोटांना चटका बसला, बाकी इजा झाली नाही. त्या क्षणी त्यांनी रायफल खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता. काय होतंय ते ‘अजून एकदा बघू’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर मी आज वेगळंच काही लिहीत असतो.

काडतुसं कारखान्याची नव्हती. मूळ कंपन्यांनी हे काडतूस बनवणं केव्हाच थांबवलं आहे, म्हणून हौशी लोक पॉइंट 357 मॅक्झिमम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं नळकांडं घेतात, लांबी कमी करतात, बुडाची कड लेथवर उतरवतात आणि त्यात पुन्हा भरतात. आजोबांच्या खोक्यात अशी भरलेली डबाभर काडतुसं मिळाली होती. ती कोणी भरली, केव्हा भरली, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता या तक्रारी एकमेकींशेजारी ठेवून बघा. बोल्ट मागे इतक्या जोरात जातो की आपटतो, आणि पुढे मात्र पुरता येत नाही. जोर जास्त आहे की कमी? एका रायफलीत दोन्ही कसं? दुकानात आलेल्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने तत्काळ इलाज सांगितला : स्प्रिंग थकली आहे, जास्त ताकदीची घाला, मागचा ठोकाही कमी होईल आणि पुढेही जोरात येईल. ऐकायला पटतं. जुन्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर सर्वांत जास्त वेळा केला जाणारा उपाय हाच आहे, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

उघडून पाहिल्यावर

आधी मॅगझिन काढलं, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलं, मग काम सुरू केलं. 1907 दोन भागांत सुटते. रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात फिरतो त्या मधल्या लोखंडी सांगाड्याच्या, मागच्या बाजूचा मोठा स्क्रू सोडला की दस्ता, चाप आणि घोडा एकत्र बाहेर येतात.

बोल्ट मागच्या प्रवासात जिथे थांबतो तिथे कारखान्याने व्हल्कनाइज्ड फायबरचा बफर, म्हणजे मार झेलणारा तुकडा, दिलेला असतो. कापसाच्या कागदाचे थर झिंक क्लोराईडने एकजीव करून बनवलेलं हे टणक साहित्य त्या काळात सगळीकडे वापरात होतं. पण ते ओल धरतं, सुकतं, आणि दशकं गेल्यावर ठिसूळ होतं. या रायफलीत बफरच्या जागी तपकिरी चुरा होता, जुन्या तेलात कालवलेला, वाळून काकवीसारखा चिकट झालेला. त्या चुऱ्यात नखाएवढा एकच तुकडा शाबूत होता. तो मी जपून कागदात बांधून ठेवला, पुढे उपयोगी पडला. मागच्या लोखंडावर बोल्टच्या माराने चपटा झालेला, चकचकीत डाग दिसत होता. म्हणजे मागच्या ठोक्याचं कारण सापडलं. बोल्ट खरंच लोखंडावर आपटत होता.

पुढे न येण्याचं कारण मात्र तिथे नव्हतं.

फोरएंड हातात घेतला तर त्याला खालच्या अंगाला लांबलचक जुनी भेग होती. या रायफलींचा तो कायमचा दुखरा भाग. जड ठोकळा आत फिरावा म्हणून लाकूड आतून इतकं कोरलेलं असतं की भिंती पातळ राहतात. कोणीतरी ही भेग इपॉक्सीने सांधली होती. बाहेरून काम नीटनेटकं, रंगही जुळवलेला. आतून बॅटरी लावून पाहिलं तेव्हा भेगेतून आत ओघळलेला डिंक कडक होऊन बसलेला दिसला. ठोकळ्याच्या त्याच बाजूला एक बारीक चकाकती रेघ होती, पण नुसत्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही हे मला आयटीआयमध्ये शिकवलेलं. ठोकळ्याला प्रशियन ब्लू हा घासणीची जागा दाखवणारा निळा रंग लावला, रायफल पुन्हा जोडली, दांडा दाबून बोल्ट हळूच मागे-पुढे केला आणि परत उघडली. डिंकाच्या उंचवट्यावर निळा ठसा उमटला होता, आणि ठोकळ्यावरचा निळा रंग तेवढ्याच पट्ट्यात पुसला गेला होता. दुसरीकडे कुठेच घासत नव्हतं.

इथे कोडं सुटलं. बोल्ट मागे जाताना त्याच्यामागे गॅसचा जोर असतो. डिंकाची घासण त्या जोरापुढे नगण्य, त्यामुळे ती दिसतच नाही. पुढे येताना मात्र फक्त स्प्रिंग काम करते, आणि तिला तीच घासण जड जाते. मागे जाताना जोर जास्तीचा होता, पुढे येताना अपुरा पडत होता. दोन वेगळे आजार एकाच वेळी, आणि एकाने दुसऱ्याची खूण पुसलेली.

काडतुसांचं काय? दुकानाच्या मालकांनी डब्यातली काही काडतुसं उघडली. गोळ्यांचा व्यास मायक्रोमीटरवर 0.357 इंच भरला. म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या जशाच्या तशा वापरलेल्या. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढून मोजला तर खाचांचा व्यास 0.351 इंचाच्या किंचित वर. सहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) जाड गोळी अरुंद नळीत रेटली की दाब वाढणारच. शिवाय लेथवर बुडाची खाच कापणाऱ्याचा हात सढळ होता. काही नळकांड्यांत खाच एवढी खोल गेली होती की तिथली भिंत अगदी पातळ उरली. फाटलेलं नळकांडं नेमकं तिथेच फाटलं होतं. कुलूप नसलेल्या रायफलीत नळकांडं दाब असतानाच मागे सरकू लागतं, त्यामुळे बुडाजवळ त्याला लोखंडाचा आधार पुरता राहत नाही. कुलूपवाल्या रायफलीत कदाचित निभावली असती अशी चूक इथे निभावत नाही.

समोरचे पर्याय

मालकीणबाईंना बोलावून सगळं टेबलावर मांडून दाखवलं. दुरुस्ती कुठवर न्यायची हे ठरवायचा हक्क त्यांचा होता.

रायफल साफ करून, न झाडता, भिंतीवर लावणं हा सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त मार्ग. तो आम्ही मनापासून सुचवला, कारण रिसीव्हरच्या मागच्या बाजूला भेग निघाली असती तर दुसरा मार्गच उरत नव्हता.

दुसरं टोक म्हणजे पूर्ण नवं रूप : धातू घासून पुन्हा ब्ल्यूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा संरक्षक थर), अक्रोडाचा नवा फोरएंड, दस्त्याला नवं पॉलिश. मालकीणबाईंचे भाऊ याच बाजूचे होते. मी ठाम विरोध केला. घासताना अक्षरांच्या कडा गोल होतात, सपाट बाजू लाटेसारख्या होतात, आणि संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते. पण माझं खरं कारण किमतीचं नव्हतं. आजोबा रायफल डाव्या हाताने जिथे धरून चालायचे तिथे रिसीव्हरचं ब्ल्यूइंग झिजून राखाडी झालं होतं. नातीला रायफल हवी होती ती त्यांची म्हणून. तो डाग घालवून आपण तिला नक्की काय परत देणार होतो?

निवड झाली ती मधल्या वाटेची. यंत्र पूर्ण दुरुस्त करायचं, रूपाला शक्यतो हात लावायचा नाही, आणि वापर मर्यादित ठेवायचा.

केलेलं काम

सुरुवात भेगेच्या तपासणीने. रिसीव्हर स्वच्छ धुऊन मार लागलेल्या भागावर डाय पेनिट्रंट लावला. लाल रंग भेगेत मुरतो, वरचा पुसून पांढरी पूड फवारली की भेग असेल तिथे लाल रेघ वर येते. रेघ आली नाही. इथे रेघ आली असती तर काम त्याच दिवशी बंद करायचं, हे आधीच लेखी ठरलं होतं. अशी अट काम सुरू करण्यापूर्वी कागदावर हवी, कारण निम्मा खर्च झाल्यावर ‘बारीकच तर आहे’ म्हणायचा मोह गिऱ्हाइकालाही होतो आणि कारागिरालाही.

मग चेंबर. कमी तापमानाला वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू, सेरोसेफ, चेंबरमध्ये ओतून साचा काढला. हा धातू थंड होताना आधी आकसतो, नंतर हळूहळू फुगतो, आणि ओतल्यानंतर साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो. घाईने मोजलं तर माप चुकतं. साच्यावर दोन ठिकाणी गंजाच्या खड्ड्यांचे उमटलेले पुरळ दिसले. जुन्या प्रायमरमधल्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपणातल्या, क्षारांमुळे, झाडल्यावर साफ न केलेल्या रायफलीत हे हमखास होतं. इथे पहिला वाद झाला. माझं म्हणणं, खड्डे पूर्ण जाईपर्यंत चेंबर घासू या, म्हणजे नळकांडं अडकणार नाही. दुकानाच्या मालकांचं म्हणणं, चेंबर मोठं झालं तर नळकांडं जास्त फुगेल, आणि या जातीच्या रायफलीत ते परवडणारं नाही. खड्ड्यांच्या फक्त उभ्या कडा मोडायच्या, तळ तसाच सोडायचा. त्यांचंच ऐकलं. बारीक पॉलिश कापडाने, हाताने, थोडं थोडं करून थांबलो. नंतर मोजलं तेव्हा चेंबरच्या मापात पकडता येईल असा फरक नव्हता.

बफरवरचा वाद जास्त रंगला. व्हल्कनाइज्ड फायबरचा पत्रा आजही मिळतो, आणि मालकांना मूळ साहित्यच हवं होतं. मला पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारखं चिवट प्लास्टिक, हवं होतं. ते तेलाला दाद देत नाही, ओल धरत नाही, आणि मार खाऊन पूर्वस्थितीला येतं. ही रायफल झाडली जाणार आहे, हा मुद्दा अखेर निर्णायक ठरला. जाडी कुठून आणायची? तिथे तो नखाएवढा शाबूत तुकडा कामी आला. मायक्रोमीटरने त्याची जाडी घेतली, बसण्याच्या जागेशी ताडून पाहिली, आणि त्या मापाचा बफर कापला. इथे ‘जाड म्हणजे सुरक्षित’ असं धरून चालत नाही. बफर जाड झाला की बोल्टचा मागचा प्रवास तेवढा आखूड होतो, आणि तो पुढच्या काडतुसाच्या बुडामागे पोहोचतच नाही. बोल्ट बफरला टेकलेला असताना त्याचा पुढचा चेहरा काडतुसाच्या कडेच्या पुरेसा मागे जातो की नाही, हे बारूद आणि प्रायमर नसलेल्या डमी काडतुसांनी पाहून मगच पुढे गेलो.

फोरएंडमधला इपॉक्सी पातळ धारेच्या स्क्रेपरने खरवडून काढला. जुनी भेग पुन्हा उघडली, तेव्हा लाकूड आतून तेलाने काळं पडलेलं दिसलं. तेलकट लाकडाला कोणताच डिंक धरत नाही. ॲसिटोनमध्ये कालवलेली खडूची पूड लावायची, सुकू द्यायची, तेल शोषून पिवळी झालेली पूड झाडून टाकायची आणि पुन्हा लावायची. पूड पांढरी राहू लागली तेव्हा सांधलं, आणि या वेळी आतल्या बाजूने मेण लावलेली लाकडी गाभ्याची खुंटी बसवली, म्हणजे ओघळ आत घट्ट होणार नाही. सुकल्यावर पुन्हा प्रशियन ब्लू. ठसा कुठेच नाही.

आता स्प्रिंग. दुकानात सुट्या भागांसाठी ठेवलेली दुसरी एक 1907 होती. दोन्ही स्प्रिंगा सारख्याच लांबीला दाबून वजनकाट्यावर ताडल्या. आजोबांच्या रायफलीची किंचित नरम निघाली, फार नाही. घासण काढल्यावर हाताने सोडलेला बोल्ट त्या जुन्या स्प्रिंगवरही पुरता पुढे येत होता. तरीही नवी घातली, पण दुसऱ्या रायफलीतल्या स्प्रिंगच्या ताकदीचीच, त्याहून कडक नाही. सुरुवातीलाच कडक स्प्रिंग घातली असती तर तिने डिंकावर मात करून बोल्ट पुढे आणला असता, सगळ्यांना वाटलं असतं की आजार बरा झाला, आणि आत चुरा झालेला बफर तसाच राहिला असता.

मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, किंचित फाकले होते. डमी काडतुसांवर बघत ते जागेवर आणले. धातूच्या रूपाबाबत एकच गोष्ट केली. नळीखालच्या, लाकडाने झाकलेल्या भागावर तांबूस गंज होता. सुटे होणारे भाग शुद्ध पाण्यात उकळले. उकळल्यावर तांबडा गंज काळ्या, घट्ट ऑक्साईडमध्ये बदलतो आणि मऊ ब्रशने वरचा भुगा निघून जातो. बाहेरच्या पृष्ठभागाला तेलाच्या फडक्याखेरीज काही लावलं नाही. हाताने झिजलेला राखाडी पट्टा तसाच आहे.

डब्यातली सगळी जुनी काडतुसं मालकीणबाईंच्या संमतीने निकामी केली. त्यांना वाईट वाटलं, आजोबांच्या हाताची असतील म्हणून. दोन रिकामी नळकांडी आठवण म्हणून दिली. नवी काडतुसं नीट मापात कड उतरवलेल्या नळकांड्यांची आणि 0.351 इंचाच्या आसपास आणलेल्या गोळ्यांची, अनुभवी माणसाकडून घेतली.

चाचणी

पहिली गोळी कोणाच्याही खांद्यावरून झाडली नाही. रायफल स्टँडमध्ये बांधून, चेंबरमध्ये एकच काडतूस घालून, लांबून दोरीने चाप ओढला. नळकांडं तपासलं : बूड सपाट, फुगवटा नाही, प्रायमर जागेवर. मग मॅगझिनमध्ये दोन, मग भरलेलं मॅगझिन. बाजूने मोबाइलवर स्लो मोशन चित्रण केलं. त्यात बोल्ट मागे जाऊन बफरवर थांबताना आणि एका दमात पुढे येताना स्वच्छ दिसतो. पूर्वीचा ठोका ऐकू आला नाही.

एक अडचण उरली. मधूनच रिकामं नळकांडं सुस्तपणे बाहेर पडायचं. कारण चेंबरच असावं असं आम्ही धरून चाललो होतो, पण एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे नळकांडं चेंबरमधून ओढून काढणारा आकडा, काढून पाहिला तर त्याच्या मागे त्याच जुन्या तेलाचं कीट बसलेलं. त्याला पुरतं मिटता-उघडता येत नव्हतं. साफ केल्यावर तक्रार गेली.

निकाल

काम संपलं तोवर त्या वर्षीचा हंगाम गेला होता. घाई करायची नाही हे आधीच ठरलेलं असल्यामुळे कुरबूर झाली नाही. पुढच्या नोव्हेंबरात मालकीणबाई रायफल एक दिवस घेऊन बसल्या. हरीण दिसलं, पण लांब होतं. या काडतुसाच्या पल्ल्याबाहेरचं म्हणून त्यांनी झाडली नाही. हंगामाचे उरलेले दिवस नवी रायफल वापरली. रायफल परत तपासायला आली तेव्हा बफर शाबूत होता, फोरएंडचा सांधा घट्ट होता आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूला नवी खूण नव्हती.

वापराची मर्यादा लेखी दिली आहे. दरवर्षी थोड्याच गोळ्या, हंगामाआधी बफरची तपासणी, आणि अनोळखी माणसाने भरलेलं काडतूस कधीही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फोरएंड कोणी सांधला होता हे काम संपल्यावर, बोलता बोलता कळलं. घरातल्याच एका काकांनी, बऱ्याच वर्षांपूर्वी. ‘बोल्ट अडतो’ ही तक्रार नेमकी त्यानंतर सुरू झाली, हेही त्याच गप्पांत निघालं. रायफल घेतानाच ‘याआधी कोणी, केव्हा, काय केलं’ हे विचारून लिहून घेतलं असतं तर शोध थेट तिथून सुरू झाला असता. आता दुकानाच्या नोंदणी-कागदावर तो प्रश्न पहिला छापला आहे.

चेंबरचा साचा अंदाजपत्रक देण्यापूर्वी काढायला हवा. इथे तो नंतर काढला, आणि खर्चाचा आकडा मध्येच बदलावा लागला. मालकीणबाईंनी समजून घेतलं, पण दुसऱ्या कोणाला पटलं नसतं.

एक्स्ट्रॅक्टर पहिल्याच दिवशी सुटा करून साफ करणं सोपं होतं. चेंबरवर संशय पक्का बसल्यामुळे ते राहिलं.

बफरबाबत मात्र दुकानाच्या मालकांचं आणि माझं अजूनही एकमत नाही. पॉलियुरेथेनही कायमचं नसतं. वर्षं गेली की तेही आतून भुसभुशीत होऊ शकतं, आणि पुढच्या पिढीतल्या कारागिराला आत नवं साहित्य आहे हे कळणार कसं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून बफरचं साहित्य, जाडी आणि बसवल्याचं वर्ष लिहिलेली चिठ्ठी, मूळ फायबरच्या त्या तुकड्यासह, रायफलीच्या कागदपत्रांत ठेवली आहे, आणि स्प्रिंग कडक घालू नये ही सूचना तिच्यात सगळ्यांत वर लिहिली आहे.